सोडायचं काय आणि धरायचं काय

खानदेशातल्या यावलला महर्षी व्यासांचं मंदिर आहे. मारुतीचं देऊळ गावोगाव असतं, महादेवाचं तर वेशीवेशीवर. व्यासांची मात्र देशभर शोधली तरी मोजकीच सापडतील. हडकाई-खडकाई नदीच्या काठच्या या देवळात गुरुपौर्णिमेला पहाटेपासून रांगा लागतात. व्यासांनी इथे वास केला आणि महाभारताचा काही भाग इथेच रचला, अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. इतिहास त्याचा पुरावा देणार नाही आणि दर्शनाला आलेला माणूस तो मागतही नाही. पण याच व्यासांची एक गोष्ट भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे, ती रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. वेदांची विभागणी झाली, महाभारत लिहून झालं, लाखभर श्लोक हातावेगळे झाले आणि व्यास सरस्वतीच्या काठी उदास होऊन बसले. एवढं करूनही मन भरत नव्हतं. नारद आले, विचारपूस झाली, उणीव कुठे राहिली ते नारदांनी सांगितलं. त्यांनी व्यासांना विश्रांती घ्यायला सांगितलं नाही, वनातही पाठवलं नाही. त्यांनी आणखी एक काम सांगितलं, फक्त वेगळ्या भावाने करायचं. त्यातून भागवत उभं राहिलं, असं भागवतच सांगतं.

म्हणजे गुरुपौर्णिमेला यावलमध्ये ज्याच्या पायावर डोकं ठेवलं जातं, तो पुरुष आयुष्यातलं सर्वांत मोठं काम संपल्यावर असमाधानी होता. समाधानाविषयीच्या लेखनाला याहून चांगली सुरुवात मिळणं कठीण.

याच तालुक्यातल्या सांगवीत १९३८ साली भालचंद्र नेमाडे जन्मले. १९६३ साली आलेल्या त्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो, तिथे काहीच हाती न लागता घरी परततो आणि गावातही त्याचं मन रमत नाही. घरची शेती आहे, खाण्यापिण्याची ददात नाही, बापाचा गावात दबदबा आहे. तरी पोराला जगण्यात राम वाटत नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो आणखी उखडतो. कादंबरी आली तेव्हा अनेक बुजुर्ग वैतागले आणि तरुणांनी ती उशाशी घेतली, कारण पोट भरलेल्या घरातली ही अस्वस्थता त्यांच्या ओळखीची होती. एका तालुक्याने मराठी वाचकाला असे दोन असमाधानी पुरुष दिले: एक पुराणातला, एक कादंबरीतला. दोघांनाही कमी काही नव्हतं.

कमी काही नसताना मन का भरत नाही, हा प्रश्न आता प्रयोगशाळेतही गेला आहे. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या लॉटरी विजेत्यांना गाठून त्यांच्या सुखाची विचारपूस केली. घबाड लागलेली ही माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांहून फारशी सुखी निघाली नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींतला, म्हणजे मित्राशी गप्पा किंवा सकाळची न्याहारी यांतला आनंद त्यांना कमी वाटू लागला होता. २०१२ पासून जगातल्या देशांच्या सुखाचा अहवाल जवळजवळ दरवर्षी निघतो आणि २०१८ पासून फिनलंड त्यात पहिला येतो. भारत बराच खाली असतो. मग चार दिवस वर्तमानपत्रांत चर्चा होते: आपले लोक तर इतके समाधानी, मग हा आकडा असा कसा? चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. समाधान हा आपला वारसा आहे आणि तो फुकट मिळालेला आहे.

तसं ते नाही. मराठी माणसाने समाधानाचा उपयोग गुंगीच्या औषधासारखाही केला आहे. तुकोबांच्या एका अभंगाचा एकच चरण कॅलेंडरावर, टेम्पोच्या मागे, रिक्षाच्या काचेवर दिसतो आणि त्याचा अर्थ एवढाच घेतला जातो की जसं आहे तसं पडून राहावं. ज्याच्या नावावर हे खपतं, त्या माणसाने काय केलं ते पाहावं. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बसला, घरात माणसं दगावली, पहिली बायको अन्नावाचून गेली. सावकारी वडिलोपार्जित होती. लोकांच्या कर्जाची खतं घरात होती. परंपरा सांगते की तुकोबांनी धाकट्या भावाशी वाटणी केली, त्याचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली.

या गोष्टीतला बारकावा महत्त्वाचा आहे. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. स्वतः कोणाचं देणं असेल तर तेही बुडवलं नाही. बुडाला तो फक्त त्यांचा दुसऱ्यावरचा हक्क. दुष्काळातून उठणाऱ्या कुळांच्या मानेवरचं जोखड त्यामुळे उतरलं. हा त्याग वैराग्याच्या भरात घडला असेल, पण हिशेब चोख आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांतही संतोषाची जागा लक्ष देण्यासारखी आहे. पाच नियमांत शौचानंतर संतोष येतो आणि लगेच पुढे तप. ज्याने ही यादी केली, त्याला संतोष आणि कष्ट एकमेकांचे शेजारी वाटत होते. संतोष म्हणजे हातपाय गाळणं, ही भर नंतरच्या लोकांची.

खानदेशात या विषयावरचं सर्वांत मोठं प्रवचन तुरुंगात झालं. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात सत्याग्रहींची गर्दी होती. कोणी वकिली सोडून आलेला, कोणाची जमीन सरकारने जप्त केलेली, कोणाच्या घरी म्हातारे आईबाप. विनोबा भावेही तिथेच होते. कैद्यांनी आग्रह केला आणि २१ फेब्रुवारीपासून विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. १९ जूनला अठरावा अध्याय संपला. बोलणाऱ्याच्या हाती कागद नव्हता; कागद होता तो श्रोत्यांतल्या साने गुरुजींच्या हाती. ते झरझर लिहीत गेले, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आहे आणि देशातल्या बहुतेक भाषांत गेलं आहे.

फळाची आशा सोडावी, हे वाक्य गीतेमुळे घरोघर पोचलेलं आहे आणि त्यामुळेच ते गुळगुळीत झालं आहे. विनोबांनी त्याला पुन्हा धार लावली. त्यांचं म्हणणं असं की फळ सोडणाऱ्याचं काम फळावर डोळा ठेवणाऱ्याच्या कामापेक्षा सरस व्हायला हवं, कारण त्याचं सगळं लक्ष कामातच असतं. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, तरच त्या कर्माचं ओझं उरत नाही. ज्यांना सुटकेची तारीख ठाऊक होती पण स्वराज्याची नव्हती, त्या माणसांना हे सांगितलं गेलं. फळ कधी मिळेल हे कोणालाच माहीत नव्हतं आणि काम तर सोडायचं नव्हतं. गीतेचा हा भाग त्या बराकीत पोथीतला राहिला नसणार.

विनोबांना सोडण्याची सवय जुनी होती. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीकडे गेले. त्याआधी शाळेची प्रमाणपत्रं त्यांनी आईच्या चुलीत घातली होती. पुढे १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदानाची पायपीट सुरू झाली. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला आजारपणात त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. प्रमाणपत्रापासून प्राणापर्यंत या माणसाने एकेक गोष्ट ठरवून खाली ठेवली. भूदानाच्या यशापयशावर आजही वाद होतात. मिळालेल्या जमिनीतली बरीच खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. हा वाद व्हायलाच हवा. काम करणाऱ्याने फळाची अपेक्षा सोडावी. त्या फळावर ज्यांचं पोट आहे त्यांनी ती का सोडावी?

इथून हा विषय अडचणीचा होतो. सोडणाऱ्याचं कौतुक करताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: सोडल्यावर मागे जे उरतं ते कोण उचलतं? तुकोबा भामगिरीच्या डोंगरावर बसत, तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणारी त्यांची बायको जिजाई होती. परंपरेने तिला तोंडाळ ठरवलं. चूल कशावर पेटवायची हा तिचा प्रश्न होता आणि तो विचारायला तोंड लागतंच. संतचरित्रांत अशा बायका कडेला उभ्या दिसतात. त्यांना सोडायची सोय नव्हती.

म्हणूनच या विषयाचा खानदेशातला खरा दाखला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचा.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीला जळगावजवळच्या आसोद्यात, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. पती नथूजी १९१० साली वारले तेव्हा त्या तिशीत होत्या. पदरात तीन मुलं: ओंकार, सोपान आणि काशी. प्लेगच्या तडाख्याने ओंकार अधू झाला. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. शेत, गुरं, जातं, चूल आणि देणीघेणी यांतून ही बाई चाळीस वर्षं मोकळी झाली नाही. अक्षरओळख नव्हती. कुठल्याही अर्थाने संसार सोडणं तिला शक्य नव्हतं. अशा बाईने सोडण्यावर आणि समाधानावर जे म्हटलं, ते महाराष्ट्राने तिच्या पश्चात वाचलं.

तिने सोडलं ते काय? पहिलं म्हणजे भविष्य. हात पाहायला आलेल्या जोश्याला दारातून परत पाठवणारं तिचं गाणं प्रसिद्ध आहे. नशिबाने जे करायचं ते आधीच केलेलं होतं. आता रेषा वाचून घेण्यात तिला रस नव्हता. पुढे काय होणार याची चिंता उतरवून ती आजच्या शेताकडे वळते. दुसरं म्हणजे मनावर ताबा मिळवल्याचा दावा. मन हा विषय साधुसंतांनी कठोर केलेला. बहिणाबाई त्याची चेष्टा करते, त्याच्या खोड्या मोजते आणि ते आवरत नाही हे मान्य करून कामाला लागते. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी: तिने आपली गाणीही धरून ठेवली नाहीत. दळताना, निंदताना, पेरणीच्या वेळी ती सुचत आणि हवेत जात. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा एक भाऊ यांनी कागदावर उतरवली ती राहिली. बाकीची गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं, अत्रे भारावले आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाने आता पदव्या दिल्या जातात.

तिच्या गाण्यांत दुःख लपवलेलं नाही, हेही इथे सांगायला हवं. वैधव्याचं गाणं वाचताना घसा दाटतो. माणसाच्या लोभावर ती कोरडे ओढते. जनावर परवडलं पण माणूस नको, इथपर्यंत तिचा राग जातो. समाधानी माणसाला राग येत नाही, ही समजूत बहिणाबाईच्या वाचकाला सोडावी लागते. तिने परिस्थितीशी तडजोड केली. परिस्थिती चांगली आहे असं मात्र कधी म्हटलं नाही.

बहिणाबाईशेजारी साने गुरुजींना ठेवलं की विषयाची दुसरी बाजू दिसते. कोकणातल्या पालगडचा हा मुलगा तत्त्वज्ञानाच्या ओढीने अमळनेरला आला. श्रीमंत प्रताप शेठजींच्या दातृत्वातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. गिरणीच्या गावात वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था, हेही खानदेशचंच. गुरुजी तिथे थोडे रमले, मग १९२४ पासून शाळेत शिकवू लागले, वसतिगृहातल्या मुलांची आई झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. त्यांनी पैसा सोडला, घर केलं नाही. १९४७ च्या मेमध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. सोडण्याच्या परीक्षेत हा माणूस पैकीच्या पैकी गुणांनी उतरला असता. तरी जगाचं दुःख त्यांना बाजूला ठेवता आलं नाही. गांधीजींच्या खुनानंतर ते खचत गेले आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

समाधानावर लिहिणारे लोक हा प्रसंग सहसा टाळतात. तो टाळला तर विषय खोटा होतो. सगळं सोडूनही मन निवत नाही, असं घडू शकतं. तो त्या माणसाच्या त्यागातला दोष नसतो. मनाचं आजारपण आणि वैराग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला माणसं, सोबत आणि आज वैद्याची मदत लागते. तिथे उपदेशाचा उपयोग नाही. धुळ्यात इतरांसाठी अठरा रविवार लिहीत बसलेल्या गुरुजींचं ऋण याने कणभरही कमी होत नाही.

सोडण्याच्या या कौतुकात राहून जाते ती धरून ठेवणाऱ्यांची आठवण. आज घर रिकामं करण्याची लाट आहे. जपानच्या मारी कोंडो यांनी वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का ते पाहायला शिकवलं आणि पुण्यामुंबईतल्या माळ्यांवरची पितळी भांडी, जुन्या वह्या, आजोबांचे हिशेब रद्दीत निघाले. बरंच जायलाच हवं होतं. पण इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी आयुष्य घालवलं ते असाच कागद रद्दीतून वाचवण्यात. वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करत हा माणूस महाराष्ट्रभर हिंडला. बायको तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केलं नाही; अंगावर बेताचे कपडे, खाणं स्वतःच्या हाताने रांधलेलं, मुक्काम कुठे पडेल त्याचा नेम नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यातून झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. स्वतःचं सगळं सोडलेल्या या माणसाने दुसऱ्यांची अडगळ छातीशी धरली. नेमाड्यांनी २०१० साली ‘हिंदू’ कादंबरीला ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असं उपशीर्षक दिलं तेव्हा अनेकांना ते विचित्र वाटलं. राजवाड्यांना वाटलं नसतं.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं प्राचीन मंदिर आहे. त्याची कथा आणखी एका सोडण्याची आहे. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मुलगा वयाने लहान, ज्ञानाने मोठा. आशीर्वाद लिहावा की नमस्कार, याचा निर्णय होईना. शेवटी कोरा कागदच पाठवला. मुक्ताईने त्यावरून त्याची थट्टा केली, ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं आणि चौदाशे वर्षांच्या योग्याने पुढे त्या लहान मुलीलाच गुरू केलं. कथेतली वर्षं कोणी खरी धरू नयेत. पण वयाचा मान खाली ठेवणं हे पैसा खाली ठेवण्याहून किती अवघड आहे, ते कोणत्याही एकत्र कुटुंबात, शिक्षणसंस्थेत किंवा सहकारी सोसायटीत राहिलेल्या माणसाला विचारावं. सत्तरीतले अध्यक्ष खुर्ची सोडत नाहीत, तेव्हा प्रश्न पगाराचा नसतो. त्याच परिसरातून दर आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांत तिची गणना होते. वाटेवर वयाने थोर माणसं तरुणांच्या पाया पडतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

हे सगळं संतांचं आणि थोरांचं झालं. यावल-रावेरच्या शेतकऱ्याचं काय?

उन्हाळ्यात या भागात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मे-जूनमध्ये वादळ सुटतं आणि घडांनी वाकलेल्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात. कधी थंडीने करपा वाढतो, कधी रोपांवर सीएमव्ही हा विषाणूरोग येतो. माल तयार असेल तेव्हा भाव पडतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने वादळ थांबत नाही. बाग आडवी झालेल्या माणसाच्या बांधावर जाऊन समाधानाचं महत्त्व सांगणं हा उद्धटपणा आहे. त्याला पंचनामा वेळेवर हवा असतो आणि विम्याचे पैसे हवे असतात. याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. गांधीजींच्या आग्रहामुळे थाटमाट टाळला गेला. नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबू, चटया आणि गावातल्याच सामानातून टिळकनगर सजलं आणि काम संपल्यावर उतरवलं गेलं. पण त्याच बांबूच्या मांडवात शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, असा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. राहणी साधी ठेवून हक्क पुरता मागता येतो, हे फैजपूरने दाखवलं. समाधान आणि मागणी यांचं वैर लावलं ते मागणी नको असलेल्यांनी.

आणि तरीही याच शेतकऱ्याने सोडण्याची एक रीत वर्षाच्या चक्रातच बसवून ठेवली आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा खानदेशातला मोठा सण. दिवाळीला न आलेली सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते. झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. पितरांसाठी पाण्याची घागर भरली जाते. गेलेल्यांना वर्षातून एकदा बोलवायचं, जेवू घालायचं आणि निरोप द्यायचा. सालदाराचं सालही याच दिवशी संपतं. मालकाने आणि सालदाराने एकमेकांचा हिशेब मिटवायचा. पटलं तर नवं साल, नाही तर तो दुसऱ्याच्या शेतावर मोकळा. माहेरपण, मृतांची आठवण आणि पैशाची देवघेव या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी उरकून लोक मृगाची वाट पाहायला लागतात. या व्यवहारात अन्याय होत नव्हता असं नाही. सालदाराची उचल पुष्कळदा फिटत नसे आणि साल संपूनही तो मोकळा होत नसे. पण वर्षाचं ओझं पुढच्या वर्षात जाऊ द्यायचं नाही, ही कल्पना कोणा प्रवचनकाराने दिलेली नाही.

चांगलं जगणं म्हणजे काय, याचंही उत्तर इथे हिवाळ्यात शेतातच मिळतं. यावल तालुक्यातल्या बामणोदची भरिताची वांगी जळगावभर मागितली जातात. थंडी पडली की शेतात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा जाळ होतो, त्यात मोठी हिरवी वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली जातात, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. बँकेतला साहेब, शाळेतले सर, गावचा सरपंच आणि वखरणीला आलेला मजूर एकाच पंगतीत बसतात. खर्च वांग्यांचा आणि तेलाचा. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चाललेल्या, माणसांच्या आयुष्याचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष सांगतो की म्हातारपणी सुख आणि आरोग्य टिकतं ते जवळच्या माणसांमुळे. भरिताच्या पार्टीला तो वाचून कोणी येत नाही, पण येतात त्याच कारणासाठी. अलीकडे अशा पार्ट्या हॉटेलांत आणि मंगल कार्यालयांत होऊ लागल्या आहेत, ताट मोजून पैसे घेतले जातात आणि मजूर पंगतीत नसतो. चव बहुधा तीच राहिली असेल. जे कमी झालं त्याची नोंद कुठल्याही बिलात होत नाही.

या सगळ्या माणसांकडे एकत्र पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. तुकोबांनी येणं सोडलं, देणं सोडलं नाही. विनोबांनी फळ सोडलं, काम वाढवत नेलं. बहिणाबाईने भविष्य सोडलं, शेत आणि पोरं सोडली नाहीत. राजवाड्यांनी संसाराचा सोस सोडला आणि जुने कागद सांभाळले. चांगदेवाने मान सोडला. प्रत्येकाने सोडलेली गोष्ट स्वतःच्या हक्काची होती. जिथे सोडणाऱ्याने दुसऱ्याच्या वाट्याचं सोडलं, तिथे जिजाई डोंगर चढताना दिसते. सोडण्याचं मोल ठरवताना सोडणाऱ्याची मुद्रा किती शांत आहे हे पाहण्यापेक्षा त्याच्या घरातल्यांचे चेहरे पाहावेत. आज निवृत्त होऊन अध्यात्माकडे वळणारे, नोकरी टाकून डोंगरात घर बांधणारे, सगळं विकून जग हिंडणारे, यांच्या कहाण्या रोज वाचायला मिळतात. त्या कहाण्यांनाही हीच कसोटी लावायला हरकत नाही. ईएमआय कोण भरतो, आईला दवाखान्यात कोण नेतं, मुलांची फी कोणाच्या खात्यातून जाते, हे विचारल्यावरही जी कहाणी उभी राहते ती खरी.

या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकाने आधी बहिणाबाईंची गाणी वाचावीत, शक्य तर खानदेशातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून मोठ्याने म्हणून घ्यावीत. मग ‘गीता प्रवचने’ घ्यावीत, रोज एक अध्याय, घाई न करता. ‘कोसला’ शेवटी वाचावी आणि ज्याचं वय पंचविशीच्या आत आहे त्याने मात्र ती आधी वाचावी. गुरुपौर्णिमेची गर्दी टाळून एखाद्या साध्या दिवशी खानदेशात उतरता आलं तर आसोदा, जळगावचा चौधरी वाडा, चांगदेव आणि फैजपूर ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. हिवाळ्यात गेलं तर भरीतही मिळेल.